सगळ्या वायरी पिवळ्या

ताईची गाडी चालत होती. फक्त गवत कापत नव्हती.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी विमा कंपनीत आहे. आमच्याकडे नुसती चालणारी बरीच माणसं आहेत आणि त्यांना वेळच्या वेळी बढतीही मिळते. पण गवत कापायच्या यंत्राकडून लोक जास्त अपेक्षा ठेवतात.

गाडी म्हणजे ज्यावर बसून मैदानाचं गवत कापतात ते यंत्र. दिसायला बुटक्या ट्रॅक्टरसारखं. पुढे इंजिन, मध्ये सीट, पोटाखाली फिरणारी पाती. भावोजी गेल्यापासून ताईचं घर या गाडीवर चालतं. इस्पितळाचं आवार, शाळेची पटांगणं, कचेऱ्यांसमोरचे हिरवे पट्टे, हे सगळं ती कापते. पण त्यातून निघतो तो वरखर्च. घर चालतं ते क्रीडासंकुलाच्या मोठ्या मैदानावर. त्या मैदानाचं काम वर्षाच्या कराराचं असतं आणि करार संपत आला होता.

आणि नेमकं आत्ता गाडीनं हे सुरू केलं होतं. मैदानाच्या मध्यावर यायची आणि पाती थांबायची. इंजिन चालू, चाकं चालू, ताई वर बसलेली, खाली गवत जसंच्या तसं. ही पाती विजेच्या जोरावर इंजिनाला धरून राहतात. बॅटरी उतरली की हात सोडतात. ताईनं नवी बॅटरी आणली. नव्या बॅटरीनंही तेच केलं. म्हणजे बॅटरी निर्दोष होती, बिचारीला इंजिनाकडून काही मिळतच नव्हतं.

मैदानाचा व्यवस्थापक पूर्वी पंच होता. गळ्यातली शिट्टी त्यानं निवृत्तीनंतरही उतरवली नाही, म्हणून त्याला सगळे शिट्टीच म्हणतात. त्यानं ताईला बोलावून मैदान दाखवलं.

"हे काय आहे?"

"मैदान."

"मैदान नाही. अर्धी दाढी करून उठलेला माणूस आहे हा. शनिवारी समिती येतेय. त्यांना काय सांगू, न्हावी जेवायला गेलाय?"

"शनिवारपर्यंत होईल."

"मला तुमच्याबद्दल काही नाही हो. पण दुसरीकडूनही विचारणा आलीय," शिट्टी म्हणाला आणि उगाचच शिट्टी पुसायला लागला.

ताईनं संध्याकाळी मला फोन केला. "वकील, मोकळा आहेस का?"

मी वकील नाही. लहानपणी मी शेवटच्या लाडवासाठी एवढा युक्तिवाद करायचो की वडिलांनी हे नाव ठेवलं, आणि ताईनं ते आजतागायत चालवलं.

"दुकानात जायचंय," ती म्हणाली. "मी एकटी गेले की ते मला समजावून सांगतात."

दुकान म्हणजे या गाड्यांच्या कंपनीच्या विक्रेत्याचं. पाटीवर 'अधिकृत' हा शब्द मालकाच्या नावाहून मोठा रंगवलाय, त्यामुळे आम्ही मालकालाच अधिकृत म्हणतो. पात्यांचा पट्टा तुटला तेव्हा ताईनं गाडी त्याच्याकडे दिली होती. तिथून ती नवा पट्टा घालून, धुऊनपुसून आली आणि आल्यापासूनच हे दुखणं लागलं होतं.

"वायरिंग डायग्राम हवाय," मी काउंटरवर म्हटलं. "कुठली वायर कुठून कुठे जाते ते दाखवणारा कागद."

काउंटरवरच्या बाईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या कपाटाची किल्ली मागितली होती. "कशाला?"

"वायरी बघायच्यात."

"वायरी आमची माणसं बघतात."

"त्यांनी बघितल्यापासूनच तर हे चाललंय," ताई म्हणाली.

बाई आत गेली आणि अधिकृत बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला कंपनीचं पेन, चेहऱ्यावर कंपनीचंच हसू.

"बोला ताई."

ती माझी ताई आहे. त्याची नाही. पण ही वाटणी दुकानात करता येत नाही.

"डायग्राम ग्राहकाला देता येत नाही, ताई. कंपनीचं धोरण आहे. तुमच्याच सुरक्षिततेसाठी."

"साहेब, मी रोज फिरत्या पात्यांवर बसते," ताई म्हणाली. "ते कंपनीला चालतं. आणि कागद बघितला की मला शॉक बसतो होय?"

"तसं नाही हो."

"मग कसं?"

"ती माहिती गोपनीय असते."

"गाडी माझी. वायरी माझ्या. त्या कुठून कुठे जातात ते मात्र गोपनीय. उद्या म्हणाल, पोट तुमचं पण आतडी कंपनीची."

अधिकृत हसला. हसण्याचंही त्याला प्रशिक्षण मिळालं असावं. मग त्यानं उपाय सांगितला. वायरींचा अख्खा जुडगा बदलायचा. फक्त या मॉडेलचा जुडगा आता निघत नाही. तेव्हा खरा उपाय म्हणजे नवी गाडी.

"आणि तोवर मैदानाचं अजिबात टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "आम्ही आता कटिंगची सेवाही सुरू केलीय. परवाच शिट्टीसाहेबांना भेटून आलो."

मी बराच वेळ 'अच्छा, अच्छा' म्हणत राहिलो. राग आला की मला 'अच्छा' शिवाय शब्द सुचत नाही, हा आमच्या घराण्यातला दोष आहे.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. ऑफिसात माझं काम दावे नामंजूर झाल्याची पत्रं लिहिण्याचं आहे, त्यामुळे चांगला नकार मला लांबून ओळखू येतो. नकार असा हवा की आपल्याला नाही म्हटलंय ते आपल्याच भल्यासाठी, असं समोरच्याला वाटलं पाहिजे आणि त्यानं आभार मानून जिना उतरला पाहिजे. अधिकृतचा नकार त्या जातीचा होता. बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की निघताना मी 'थँक्यू' म्हणालो होतो. मग राग दुप्पट झाला.

"मी शोधतो," मी ताईला म्हटलं. "सगळं जग इंटरनेटवर आहे. एक कागद नसेल?"

"शोध," ताई म्हणाली. "पण चिडू नकोस. तुला चिडून काही सापडत नाही."

सुट्टी घेऊन बसलो. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: तुमच्या गाडीचा वायरिंग डायग्राम इथे मोफत मिळवा. त्याखाली लांबलचक निबंध. डायग्राम किती महत्त्वाचा असतो. तो नसेल तर किती अडचण होते. तो पुरेशा उजेडात वाचावा. शाळेत 'पाण्याचे महत्त्व' लिहिताना आम्ही हेच करत होतो, फक्त तेव्हा त्याचे गुण मिळायचे. निबंधाच्या शेवटी एक हिरवं बटण होतं. ते दाबलं तर गादीची जाहिरात आली.

दुसऱ्या पानानं मला विचारलं, तुम्ही माणूस आहात का? हा प्रश्न आजवर मला फक्त ज्यांचे दावे नामंजूर झाले त्यांनी विचारला होता. सिद्ध करण्यासाठी बारीक चौकोनांतून जिने ओळखायचे होते. ओळखले. एका चौकोनात जिन्याचा नुसता कठडा होता, त्यावरून वाद झाला आणि पुन्हा परीक्षा द्यावी लागली. उत्तीर्ण झाल्यावर जो डायग्राम उघडला, तो मोटरबोटीचा होता. तिसऱ्या ठिकाणी ईमेल द्यावा लागला. तिथून डायग्राम आला नाही, पण तेव्हापासून एक अनोळखी बाई मला रोज सकाळी वजन कमी करण्याबद्दल लिहिते.

शेवटी कंपनीची मूळ पुस्तिका सापडली. खरीखुरी. हातमोजे कसे घालावेत यावर त्यात चित्रांसह सविस्तर प्रकरण होतं. गाडीवर बसून झोपू नये, असं होतं. उतारावर लहान मुलांना कापू नये, अशा अर्थाचं काहीतरी होतं. आणि अनुक्रमणिकेत स्पष्ट लिहिलं होतं: विद्युत आकृती. मी ते पान उघडलं.

'हे पान हेतुपुरस्सर कोरे ठेवले आहे.'

हेतू कोणता, ते लिहिलं नव्हतं.

बायको स्वयंपाकघरातून आली. "अहो, कोणावर ओरडताय? घरात कोणी नाहीये."

"या पानावर."

"ते तर कोरं आहे."

"म्हणूनच!"

तिनं पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "असले प्रश्न कंपन्यांना नाही, म्हाताऱ्यांना विचारायचे असतात," ती म्हणाली आणि गेली. मला तिचा राग आला आणि मग मी तिचंच ऐकलं. आमच्या संसाराचा क्रम हाच आहे.

जुनी यंत्रं उघडून बसणाऱ्या हौशी लोकांचा एक कट्टा इंटरनेटवर होता. तिथे 'गंजका बोल्ट' या नावानं लिहिणारा एक गृहस्थ कुठल्याशा दूरच्या देशातून रोज कोणाला ना कोणाला मदत करत असे आणि मदत करताना शिव्या घालत असे. त्याला मी गाडीचं मॉडेल कळवलं. माझा चहा संपायच्या आत त्यानं फोटो पाठवला. हातानं काढलेला, रंगीत पेन्सिलींनी भरलेला, सुरेख डायग्राम. फक्त मधोमध त्याचा अंगठा आला होता.

"अंगठा काढाल का?" मी नम्रपणे लिहिलं.

दुसरा फोटो आला. अंगठा नव्हता. खाली लिहिलं होतं: "कंपनीनं मलाही नाही म्हटलं. मग मी दोन गाड्या सोडवून स्वतःच काढला. माझ्याच गाडीचा नकाशा मला चोरून काढावा लागतो. हरामखोर."

मला त्या माणसाचा चेहरा माहीत नाही, पण भाऊबीज पुरुषांत असती तर मी त्याला ओवाळलं असतं.

शुक्रवारी सकाळी छापलेला डायग्राम घेऊन ताईकडे गेलो. ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडीशेजारी स्टूल टाकून बसली होती. मी मोठ्या थाटात वाचून दाखवलं. "हे बघ. इंजिनातून दोन वायरी निघतात. लाल, ती बॅटरीला भरते. जांभळी, ती पुढच्या दिव्यांना जाते, तिच्यातल्या विजेनं बॅटरी भरत नाही. दोन्ही सीटखालच्या एका प्लगमधून जातात. म्हणजे आपला रोग या प्लगच्या आसपास असणार. उचल सीट."

ताईनं सीट उचलली. खाली वायरी होत्या. सगळ्या पिवळ्या. शाळेला निघालेल्या मुलीच्या वेणीसारख्या चापूनचोपून बसवलेल्या, जागोजागी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेल्या आणि झाडून सगळ्या पिवळ्या.

"ताई, हे काय?"

"वायरी."

"लाल कुठाय? जांभळी कुठाय?"

"उंदरांनी खाल्ल्या. मग तुझ्या भावोजींनी या घातल्या."

"अगं पण सगळ्या एका रंगाच्या? जगात रंगांचा दुष्काळ पडला होता का?"

"त्यांना कुठे रंग दिसायचे?" ताई म्हणाली. "लाल, हिरवं, चॉकलेटी, त्यांना सगळं एकच."

हे मला ठाऊक होतं. भावोजींनी एकदा आमचं फाटक हिरवं म्हणून चॉकलेटी रंगवलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी त्यांच्या तोंडावर 'काय छान हिरवं झालंय' म्हटलं होतं. बंदरावर त्यांना बावटे ओळखायच्या कामावरून काढून दोरखंडांवर टाकलं, तेही याचमुळे. पण फाटक रंगवणं वेगळं आणि वायरिंग वेगळं. मी तो महागामोलाचा डायग्राम हातात घेऊन उभा होतो आणि त्यातल्या एकाही शब्दाला गाडीत उत्तर नव्हतं. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, मी चिडलो.

"मग ते स्वतः कसे ओळखायचे? वास घेऊन?"

"गाठींनी. त्यांचं सगळं गाठींवरच होतं, दोरखंडाचा माणूस. प्लगजवळ प्रत्येक वायरला, अलीकडे आणि पलीकडे, सारख्या गाठी. एकीला एक, दुसरीला दोन, असं. मी विचारलं होतं एकदा, कुठली कशाची. म्हणाले, तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस, गाठीसमोर तेवढीच गाठ आली की झालं."

"अगं मग झालंच की! कुठे आहेत गाठी?"

ताई वाकली. वायरीवरून हात फिरवत टोकापर्यंत गेली, परत आली, दुसरी धरली. मग तिसरी. मग नुसती बसून राहिली.

"होत्या," ती म्हणाली.

अर्ध्या तासात आम्ही पुन्हा अधिकृतसमोर होतो.

"गाठी ना!" तो खुलून म्हणाला. "काय तो गुंता होता, ताई! बघवत नव्हता. आमच्या मिस्त्रीनं अर्धा दिवस घालवून सगळ्या सोडवल्या, वायरी ओळीत बसवल्या. आणि तुम्हाला एक पैसा लावला नाही त्याचा. जुने ग्राहक म्हणून."

तो आभाराची वाट बघत थांबला. खरंच थांबला.

"मिस्त्रींना बोलवा," ताई म्हणाली.

मिस्त्री हात पुसत आला. पन्नाशीचा, गरीब चेहऱ्याचा माणूस.

"तुम्ही सोडवल्यात गाठी?"

"हो बाई. फार घट्ट होत्या. आधी पक्कड लावून बघितली. पण टोक मोकळं केल्याशिवाय गाठ सुटते कुठे? मग सगळी टोकं प्लगमधून काढली, गाठी सोडवल्या आणि परत खोचली."

"ज्याची त्याच जागी?"

मिस्त्री घुटमळला. "आता... सगळ्या पिवळ्याच होत्या ना हो."

"डायग्राम बघून खोचायच्या!" मी म्हटलं. "तुमच्याकडे असतो ना तो, गोपनीय!"

मिस्त्रीनं मालकाकडे पाहिलं. "डायग्राम कुठाय आपल्याकडे?"

काउंटरवरची बाई काहीतरी शोधायला वाकली ती वर आलीच नाही.

"म्हणजे," अधिकृत म्हणाला, "कंपनीकडे असतो. या जुन्या मॉडेलचा आम्हालाही देत नाहीत."

"का?"

"सुरक्षिततेसाठी."

त्यानंतर मी जे बोललो ते इथे देत नाही. भाषण बरं झालं. त्यातली दोन वाक्यं तर बोलता बोलता माझी मलाच आवडली आणि त्याच क्षणी मला कळलं की माझ्या रागाला काही अर्थ उरला नाही; हे आता वक्तृत्व होतं. नसलेला कागद हा माणूस आम्हाला धोरण म्हणून नाकारत होता. आणि असलेला, गाडीतच बांधून ठेवलेला, त्यानं सोडवून टाकला होता. एवढं सरळ होतं ते आणि मी त्याला उपमा देत होतो.

ताईनं मला थांबवलं. आवाज चढवला नाही.

"साहेब, माझ्या नवऱ्याचं अक्षर होतं ते," ती म्हणाली. "तुम्ही पुसलंत. आणि फुकट पुसलं म्हणून वर उपकार सांगताय."

"अहो ताई, गाठी म्हणजे काय अक्षर—"

"मला ताई म्हणू नका," ती म्हणाली. "चल, वकील."

मिस्त्री खाली मान घालून उभा होता. त्याचा मला रागही धड आला नाही. त्यानं मन लावून काम केलं होतं. मन लावून केलेल्या सत्यानाशाची तक्रार घेणारं खातं कुठेच नसतं.

घरी आलो. समिती दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती. मी सुचवलं की अंदाजानं वायरी बदलून बघू. ताई म्हणाली, चुकीच्या जागी लागली तर जे उरलंय तेही जळेल. मी म्हटलं, मग शिट्टीला फोन करून मुदत मागू. ती म्हणाली, मुदत मागितली की त्यांना निमित्त मिळेल. मग मी चष्मा कपाळावर चढवून ते पिवळे दोरे बघत राहिलो. उन्हाची तिरीप शेडच्या फटीतून एका वायरीवर पडली होती, आणि त्या वायरीवर प्लगपासून चार बोटांवर एक बारीक पांढुरका चरा दिसला. त्याच्यापुढे अजून एक.

"ताई, हे बघ. इथे घासलीय."

ताईनं पांढऱ्या पट्ट्या कापून टाकल्या. वायर मोकळी झाली आणि हळूच वळली. जबरदस्तीनं सरळ उभं केलेलं माणूस सैल सोडल्यावर जसं बसतं तशी, एका ठिकाणी वाकली, पुढे पुन्हा एका ठिकाणी वाकली.

"अगं बाई," ताई म्हणाली.

वर्षानुवर्षं गाठीत राहिलेली वायर गाठ सोडली म्हणून सरळ होत नाही. तिला बाक राहतो. डोळ्याला नीट कळत नाही, कारण आधी तिला दाबून बांधलेलं होतं. पण बोटांना कळतो. ताईनं डोळे मिटले आणि चिमटीत धरून एकेक वायर ओढत गेली. मी डायग्राम मांडीवर घेऊन बसलो आणि तिच्या हातातली वायर इंजिनाच्या कुठल्या टोकातून निघते ते बघून ती कशाची ते सांगत राहिलो. प्लगच्या पलीकडे सगळ्या एकाच नळीत शिरत होत्या, तिथे बोटांचाच आधार होता.

"ही इंजिनाकडून येतेय. बॅटरीला भरणारी."

"एक... दोन... तीन. तीन आहेत."

"आता प्लगच्या पलीकडची. तिच्यासमोर आहे ती."

ती बराच वेळ घेत होती. पुन्हा मागे गेली. "दोन."

"नीट बघ."

"वकील, दोन म्हणजे दोन. तीनसमोर दोन लावलीय त्यांनी. शेजारची सांग."

"ती दिव्यांची."

"इकडे दोन. आणि पलीकडे..." तिनं डोळे उघडले. "तीन."

म्हणजे दिव्यांची वीज बॅटरीला चालली होती आणि बॅटरीची दिव्यांना. एवढंच. एवढ्यासाठी नवी बॅटरी, नवा जुडगा, नवी गाडी आणि नवा ठेकेदार. मी आयुष्यात पुष्कळ नामंजूर दावे पाहिले, पण एवढ्याशा गोष्टीवर कोणाचं घर नामंजूर होताना पाहिलं नव्हतं.

ताईनं केसातला आकडा काढला आणि त्यानं प्लगमधली टोकं सोडवली. मी लगेच टोकं अदलाबदल करायला हात पुढे केला.

"थांब."

मोकळ्या टोकांना तिनं आधी गाठी मारल्या. जिथे बाक होता तिथेच, तीन आणि दोन, अलीकडे आणि पलीकडे. मी म्हटलं, अगं, माझ्याकडे ऑफिसचे स्टिकर आहेत, छान नाव लिहून चिकटवू. ती म्हणाली, "स्टिकर तुझ्या टेबलाला लाव." मग बाकीच्या वायरींचीही टोकं एकेक काढून, बाक चाचपून, तिनं सगळ्यांना पुन्हा गाठी मारल्या.

दुपार कलल्यावर तिनं किल्ली फिरवली. पुढचे दिवे, जे इतके दिवस काजव्यासारखे मिणमिणत होते, ते लख्ख पेटले. पाती घरघरली आणि घरघरतच राहिली.

शनिवारी समिती यायच्या आत सगळं मैदान झालं होतं. एका कडेनं सुरुवात करून ताई न थांबता फिरत राहिली. मध्यावर आली तेव्हा मी श्वास रोखला. शिट्टीनंही रोखला असावा, कारण शिट्टी तोंडात असूनही वाजली नाही. गाडी मध्य ओलांडून पुढे गेली. अधिकृत नवी कोरी गाडी टेम्पोत घालून प्रात्यक्षिकाला आला होता. तिच्यासाठी गवतच उरलं नव्हतं. समितीच्या लोकांनी बूट काढून मैदानावर चालून पाहिलं. एक जण आडवा पडला. करार ताईला द्यायचं तिथेच ठरलं.

"फक्त एक अट आहे," शिट्टी नंतर बाजूला घेऊन म्हणाला. तो ताईकडे नाही, गोलपोस्टकडे बघत होता. "गाडीचं वायरिंग सुस्थितीत असल्याचा दाखला लागेल. विक्रेत्याचा. अधिकृत."

"ही अट कधी आली?"

"परवा. सगळ्यांना सारखीच आहे हो."

"सगळे म्हणजे कोण कोण?"

शिट्टीनं मोजून पाहिलं. "तुम्ही. आणि ते."

मला पुन्हा 'अच्छा' चढायला लागलं. दाखल्यासाठी गाडी त्याच्याकडे सोडायची, म्हणजे पुन्हा सीट उचलणार, पुन्हा त्यांना गुंता दिसणार, पुन्हा सोडवणार, आणि पुन्हा फुकट. मी म्हटलं, आपण लढू, मी पत्र लिहितो, असं पत्र लिहितो की बस्स. ताई म्हणाली, "तू नाही म्हणायची पत्रं लिहितोस. मला हो हवंय."

सोमवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा ताई दारात होती. दारात म्हणजे अक्षरशः. गाडी उंबऱ्याला आडवी लावलेली, इंजिन चालू, ताई वर. मी फूटपाथवर. आत जायला आलेली दोन-तीन गिऱ्हाइकं आमच्यामागे तिष्ठत होती.

"तपासा," ताई म्हणाली.

अधिकृत धावत आला. "अहो, इथे काय! आत सोडून जा, संध्याकाळी—"

"चालू स्थितीत तपासावी असं लिहिलंय अटीत. चालू आहे. तपासा."

"सीट उचलावी लागेल."

"उचला."

"तुम्ही उतरा मग."

"मी उतरले की इंजिन बंद पडतं. बसणारा उठला की बंद, अशीच बनवलीय तुमच्या कंपनीनं. बंद गाडीचा दाखला चालत नाही."

अधिकृतनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मागून एक गिऱ्हाईक म्हणालं, "काय हो साहेब, किती वेळ? चांगली तर चाललीय. कोणतं मॉडेल आहे हे? हे मिळतं का अजून?"

मिस्त्रीला बोलावलं. तो गाडीभोवती फिरला. पुढचे दिवे बघितले. झाकण उघडून बॅटरीला मीटर लावला, काटा चढताना बघितला आणि मान हलवली. पाती फिरवून घेतली, थांबवून घेतली.

"भरतेय, साहेब. सगळं बरोबर आहे."

"आत बघ," अधिकृत म्हणाला.

मिस्त्री सीटजवळ आला. कडेला हात घातला. ताईनं त्याच्याकडे पाहिलं, मांडीवर दोन्ही हात ठेवून, इस्पितळात रांगेत बसलेली बाई पाहते तसं. त्यानं हात काढून घेतला आणि पँटला पुसला.

"आत मी एकदा बघितलंय, साहेब," तो म्हणाला. "पुन्हा नाही बघणार."

गिऱ्हाइकांतला एक आता आपल्या स्कूटरचा हॉर्न वाजवायला लागला होता. अधिकृतनं खिशातलं पेन काढलं, दाखल्यावर सही केली, काउंटरवरच्या बाईनं शिक्का आणून दिला तो इतक्या जोरात मारला की कागद मागून फुगला. ताईनं दाखला घेतला, आधी नीट वाचला, मग घडी घालून पदराआड खोचला.

"वकील," ती म्हणाली, "मागे कोण आहे का बघ." आणि तिनं गाडी उलटी घेतली.